सतरा किलो

करमळीला उतरले तेव्हा बॅगेची तीन चाकं फिरत होती,
चौथं नुसतं सोबतीला आलं होतं.
रिक्षावाला म्हणाला, अडीचशे.
समोर बस उभी, तिचे दहा.
मी बसच्या पायऱ्यांकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं,
आणि अडीचशे मोजले.
जडपणाचं भाडं वेगळं असतं,
कुठल्याच तिकिटावर ते छापत नाहीत.

दिवाडीच्या फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत.
तिथं उतारावरच्या शेवाळलेल्या सिमेंटवर
चौथ्या चाकानं जीव सोडला.
खलाशानं बॅग उचलली, कण्हला,
"बाये, फातर भरल्यात गो हातूंत?"
सगळी बोट हसली,
डोक्यावर मासळीची पाटी होती ती बाईसुद्धा.

दगड नव्हते.
चार साड्या, त्यातल्या दोन कुणी बोलावलंच तर म्हणून.
घडीची इस्त्री. चिवड्याचा स्टीलचा डबा.
तांब्या, कारण लॉजमधल्या मगावर विश्वास नाही.
सहा मेणबत्त्या. फक्त हातोडी नव्हती.
आणि झाकणाच्या आतल्या कप्प्यात
यादी:
निळी शाई, वळणदार अक्षर, घडीवर फाटलेली,
सत्तावीस ओळी.
तिच्यात लिहिलंय ते मी भरते.
विचारत नाही.

एर्मेलिंदाबाईंची खोली सप्टेंबरात सहाशेला.
तोच पलंग, तोच करकरणारा पंखा
नाताळात अठराशेला.
"डिसेंबरांत न्हंय कांय रुंद जायना," त्या म्हणाल्या,
आणि माझ्यासमोर चहा ठेवला, त्याचे पैसे नाहीत.

सकाळी पोदेराचा भोंगा.
सायकलवरच्या टोपलीतून गरम पाव हातात यायचे,
नाक्यावर पातळ भाजी.
चिवड्याचा डबा उघडलाच नाही.
छत्री दाराशी होती, घरच्यांची, कुणीही न्यावी.
मी दोन सुती पोशाखांत आठवडा काढला;
रात्री धुवायचे, पंख्याखाली टाकायचे,
सकाळी किंचित दमट, अंगावर आपोआप वाळायचे.
त्यासाठी लागली ती यादीतली एकोणिसावी ओळ:
'बारीक दोरी, दहा हात.'
सत्तावीसमधली तेवढी खरी निघाली.
खरं सांगायचं तर त्या दिवशी
मला तिचा फार अभिमान वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी पाऊस, दिवे गेले.
मेणबत्ती काढावी म्हणून यादी हातात घेतली
(म्हणजे सहातली एक लागली, मान्य).
ओळ तेविसावी:
'खोकल्याचं औषध, माझं.'
'माझं'खाली रेघ.
दर वेळी मी नवी बाटली घेते,
तारीख बघून, सांडू नये म्हणून प्लास्टिकमध्ये बांधून.
मला कधी खोकला होत नाही.
गेली सात वर्षं
कुठं कुठं नेला मी तो, गणपतीपुळे, बदामी, म्हैसूर,
टॅक्सीचे जादा पैसे भरून,
एक खोकला
जो आता कुणालाच येत नाही.

मेणबत्ती संपेपर्यंत बसले.
मग झोपले.

निघताना बॅग तिथंच ठेवली.
साड्या एर्मेलिंदाबाईंच्या सुनेला, एक सोडून.
तांब्या परसातल्या नळाशी.
इस्त्रीचं काय झालं, माहीत नाही.
कापडी पिशवी खांद्याला अडकवून फेरीत चढले,
खलाशानं ओळखलं, दोन्ही हात पसरून
'कुठाय?' अशी खूण केली.
करमळीला बसनं गेले. दहा रुपये.
उजव्या हाताचं काय करावं ते मात्र
सबंध वाटभर कळेना.

यादी आणली.
कागदाला वजन असतं, पण फार नाही.

परवा दिवाडीहून फोन होता.
बॅगेत कोंबडी बसलीय, अकरा अंड्यांवर,
झाकण कुणाला लावू देत नाही.